वर्धाकांठची पांढरी

गांवाच्या जमिनीचे दोन भाग मानण्याची आपल्याकडील रीत फार जुनी आहे. जींत पेरावें ती काळी आणि जीवर राहावें ती पांढरी. जुन्या कागदपत्रांत हे दोन शब्द जोडीनें येतात व महसुलाच्या व्यवहारांत त्यांना ठराविक अर्थ आहे. परंतु वस्तीच्या जागेला पांढरी कां म्हणावें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वर्धा जिल्ह्यासारख्या मुलखांत तर तो अवश्य विचारण्याजोगा आहे. येथें चहूंकडे कापसाची काळीभोर माती. मग गांवाखालचीच तेवढी भुरकट, राखेच्या रंगाची, मुठींत घेतांच पिठासारखी सुटणारी माती आली कोठून? ती नदीनें वाहून आणलेली नाहीं, कीं खडक झिजून झालेली नाहीं. ती माणसांनीं केलेली आहे. चुलींतील राख, गुरांचें शेण, पडलेल्या भिंतींची माती, कुजलेला पेंढा, खाऊन टाकलेलीं हाडें, फुटकीं खापरें, शिंपले, चुना असें सर्व कांहीं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागीं सांचत जातें आणि काळीची पांढरी होते. घर आणि उकिरडा या दोहोंचें मिळून जें टेकाड बनतें, तें पांढरी होय.

या टेकाडाची आठवण आज करण्याचें कारण असें कीं, विदर्भाच्या प्राचीन इतिहासाची चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा दोन नांवांपाशीं जाऊन थांबते. एक कौंडिण्यपूर, रुक्मिणीचें माहेर. दुसरें प्रवरपूर, वाकाटकांची राजधानी. पहिलें वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर, अमरावती जिल्ह्याच्या हद्दींत आहे. समोरच्या तीरावर वर्धा जिल्ह्याचा आर्वी तालुका लागतो. दुसरें म्हणजे, महामहोपाध्याय मिराशी यांचें मत ग्राह्य धरल्यास, वर्धा शहरापासून अडीच कोसांवर धाम नदीच्या कांठीं वसलेलें पवनार. दोन्ही स्थळें आदरास पात्र आहेत. तथापि राजधानी कोठें होती, एवढ्याचा निकाल लागला म्हणजे इतिहास संपला असें नव्हे. राजधानीच्या खालीं गांव असतें, गांवाच्या खालीं पाडा असतो, आणि पाड्याच्याही खालीं एकाद्या कुटुंबानें उन्हाळ्यांत डोहाकांठीं घातलेलें खोपट असूं शकतें. या खालच्या मंडळींनीं ताम्रपट कोरले नाहींत. त्यांनीं जें मागें ठेवलें तें उकिरड्यांत आहे.

उकिरड्याला इतिहासाच्या साधनांत मानाचें स्थान मिळालें, तें प्रथम युरोपाच्या उत्तरेकडील डेन्मार्क देशांत. त्या देशाच्या किनाऱ्यावर जागोजाग कालवांच्या शिंपल्यांचे लांबच लांब ढीग होते. समुद्र मागें हटल्यामुळें उघडी पडलेली ती जुनी किनारपट्टीच होय, अशी पूर्वीं समजूत होती. १८४८ सालीं तेथील विज्ञानसंस्थेनें भूगर्भवेत्ते फोर्कहामर, प्राणिशास्त्रज्ञ स्टेनस्ट्रुप आणि पुरातत्त्वज्ञ वोर्सो अशा तिघांची एक समिति नेमली. या तिघांनीं ढीग उकरून पाहिले तेव्हां निराळाच प्रकार उघडकीस आला. शिंपले बहुतेक पूर्ण वाढलेल्या प्राण्यांचे होते. किनाऱ्यावर आपोआप सांचलेल्या ढिगांत लहानमोठे सारेच असावयास पाहिजेत. समुद्रांत एकत्र न राहणाऱ्या जाती येथें एकत्र होत्या. शिवाय मधूनमधून कोळसा, गारेचीं हत्यारें आणि फोडलेलीं हाडें. हे ढीग निसर्गानें नव्हे तर जेवणाऱ्यांनीं रचले होते, असा समितीचा निर्णय झाला व त्यांना "स्वयंपाकघरचा उकिरडा" या अर्थाचें डॅनिश नांव मिळालें. तेंच पुढें जगभर रूढ झालें.

स्टेनस्ट्रुप यांची एक युक्ति मोठी मौजेची आहे. ढिगांतील पक्ष्यांच्या हाडांपैकीं कांहीं विशिष्ट भागच सांपडत, बाकीचे मुळींच आढळत नसत. याचें कारण काढण्यासाठीं त्यांनीं कुत्र्यांना पक्ष्यांचीं हाडें खाऊं घातलीं व कुत्रे कोणते भाग टाकतात तें पाहिलें. जे भाग कुत्र्यांनीं टाकले तेच नेमके ढिगांत होते! तेव्हां त्या लोकांजवळ कुत्रे होते, हें कुत्र्याचें चित्र किंवा मूर्ति न मिळतांही ठरलें. उकिरडा वाचावयाचा तो असा. त्यांत जें आहे त्याइतकेंच जें नाहीं तेंही बोलकें असतें.

असे शिंपल्यांचे ढीग केवळ समुद्रकांठींच असतात असें नाहीं. पोर्तुगालांत टॅगस नदीच्या खोऱ्यांत म्युज येथें १८६३ सालीं जे ढीग सांपडले, ते नदीच्या भरतीच्या पाण्यांतील शिंपल्यांचे असून त्यांत शेंकडों माणसांचे सांगाडे पुरलेले होते. त्यांचें वय सुमारें आठ हजार वर्षें मानतात. अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत ग्रीन नदीच्या कांठीं तर निव्वळ गोड्या पाण्यांतील शिंपल्यांचीं टेकाडें आहेत, आणि त्यांपैकीं इंडियन नोल नांवाच्या एकाच टेकाडांत हजाराहून अधिक दफनें निघालीं. म्हणजे ज्या जागीं जेवले, त्याच जागीं आप्तांना पुरलें. आपल्याला हें विचित्र वाटेल. परंतु आपल्याच घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें, डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं १९६८ ते १९८३ पर्यंत केलेल्या उत्खननांत, तीन हजार वर्षांपूर्वींच्या घरांच्या जमिनीखालींच पुरलेलीं मुलें, मोठ्या मडक्यांत तोंडास तोंड लावून ठेवलेलीं, आढळलीं आहेत. घर, उकिरडा आणि श्मशान यांच्यामध्यें आपण जी भिंत घालतों ती फार पुरातन नाहीं.

आतां वर्धेकडे वळूं. वर्धा नदी सातपुड्यांत मुलताईच्या पठारावर उगम पावून दक्षिणेकडे येते, जिल्ह्याची पश्चिम सीमा आंखीत जाते आणि पुढें वैनगंगेस मिळून प्राणहिता हें नांव घेते. यशोदा, धाम, बोर, वणा या तिच्या ह्या जिल्ह्यांतील उपनद्या व त्यांच्या सख्या. जिल्हा अलीकडचा, नागपुरापासून तो १८६२ सालीं वेगळा झाला आणि १८६६ सालीं पालकवाडी या खेड्याच्या जागीं नवें शहर वसवून त्याला नदीचेंच नांव दिलें. या खोऱ्यांत डेन्मार्कसारखें किंवा केंटकीसारखें निव्वळ शिंपल्यांचें टेकाड प्रसिद्ध झालेलें नाहीं. याचा अर्थ येथील आदिमानवानें शिंपले खाल्ले नाहींत असा करणें घाईचें होईल. मात्र तसें टेकाड येथें कां नसावें, याचा विचार करतां तीन कारणें दिसतात, व तिन्हींचा संबंध या भूमीच्या प्रकृतीशीं आहे.

पहिलें, आमच्या नद्या. पावसाळ्यांत त्या दुथडी भरून गढूळ वाहतात. त्या दिवसांत तळाशीं बसणारा शिंपला काढणें अशक्यच. हिवाळा सरून पाणी डोहाडोहांत सांचलें म्हणजे तो हातीं लागतो. म्हणजे हें अन्न वर्षांतून कांहीं महिन्यांचें, आणि तेंही तोंडीं लावण्यापुरतें. जॉफ बेली नांवाच्या इंग्रज संशोधकानें १९७८ सालीं हिशेब मांडून दाखविलें आहे कीं, एका मोठ्या सांबराएवढ्या हरणाच्या मांसाची बरोबरी करण्यास पन्नास हजारांवर कालवें लागतात. ढीग प्रचंड दिसला म्हणून त्यांतून पोट भरलें असें होत नाहीं. उलट हरणाचीं चार हाडें ढिगांत सहज हरवून जातात. समुद्राची जोड नसलेल्या, हरणांनीं व माशांनीं भरलेल्या या खोऱ्यांत केवळ शिंपल्यांवर कोण कशाला राहील?

दुसरें कारण माती. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते. भेगा हातभर, कधीं पुरुषभरही खोल जातात, आणि पहिल्या पावसांत मिटतात. वरची वस्तु खालीं जाते, खालची वर येते. गारगोटीचीं बारीक हत्यारें, हाडांचे तुकडे, शिंपल्यांच्या कपच्या या जात्यांत सांपडल्या म्हणजे त्यांचे थर शिल्लक राहत नाहींत. जेथें पांढरीचें जाड आच्छादन लवकर पडलें तेथेंच खालची रचना टिकली. नदीकांठच्या दरडीही दर पुरांत तासल्या जातात. जुन्या कांठावर जें असेल तें केव्हांच वाहून गेलें असेल.

तिसरें कारण माणूस. शिंपला जाळला म्हणजे चुना होतो. कोंकणांत तर शिंपल्यांचा चुना आमच्या आजोबांच्या काळींही सर्वत्र वापरांत होता. विदर्भांत चुनखडी मुबलक असल्यामुळें तितकी गरज पडली नसेल. तरी पांढरींतील मऊ, चुनेरी माती शेताला खत म्हणून, घराला लिंपण म्हणून शतकानुशतकें उचलली जात आहे. याविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

येथेंच एक सावधगिरीची सूचना देणें इष्ट आहे. नागपूर-वर्धेच्या खडकांत शिंपले पाहून कोणी "आदिमानवाचा ढीग सांपडला" अशी हांकाटी करील, तर ती चूक होईल. या मुलखांतील काळ्या दगडाच्या थरांमध्यें जागोजाग जुन्या तळ्यांच्या गाळाचे पातळ पट्टे आहेत. लाव्हारसाचा एक लोट येऊन गेला व दुसरा आला नाहीं, अशा मधल्या काळांत तेथें तळीं झालीं, त्यांत गोगलगाई जगल्या, आणि नंतरच्या लोटानें त्या तशाच झांकल्या गेल्या. त्यांचें वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरांत जातें. माणसाचा तेव्हां मागमूसही नव्हता. समुद्रपूर तालुक्यांतील गिरडच्या टेकडीवर मिळणाऱ्या सुपारी-नारळासारख्या दगडी गोट्यांना लोक फकिराच्या चमत्काराची कथा जोडतात. त्याही याच लाव्हाच्या पोटांतील खनिजांच्या गांठी होत. निसर्ग कधीं कधीं माणसाच्या हातचें काम केल्यासारखें दाखवितो, आणि माणसाचें काम निसर्गाचें वाटतें. डेन्मार्कमध्यें दुसरा प्रकार घडला होता, आमच्याकडे पहिला घडण्याचा संभव अधिक.

या खडकांतील गोगलगाई ज्यांनीं प्रथम शास्त्रीय दृष्टीनें गोळा केल्या ते नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. धर्मप्रचार हा त्यांचा व्यवसाय. परंतु भूगर्भशास्त्र आणि गोंड इत्यादि आदिवासींच्या भाषा व चालीरीति या दोन विषयांचा त्यांना जबर नाद होता. नागपुरांतील एक महाविद्यालय अद्यापि त्यांचें नांव चालवीत आहे. सप्टेंबर १८६३ मध्यें ते मध्यप्रांताचे रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहावयास गेले. परततांना रात्र झाली, पावसाळी ओढ्याला पूर आला होता, आणि एकटेच घोड्यावरून उतरूं पाहणारे हिस्लॉप त्यांत बुडाले. तारीख ४ सप्टेंबर. त्यांनीं जमविलेले आदिवासींसंबंधींचे कागद टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढले. वर्तुळांविषयीं मात्र त्यांस काय वाटलें तें त्यांच्याबरोबरच गेलें.

हीं शिलावर्तुळें म्हणजे विदर्भाच्या प्रागितिहासाचें सर्वांत ठळक चिन्ह. मोठमोठ्या धोंड्यांचें कडें, आंत मुरूम-मातीची भर, आणि तिच्याखालीं प्रेताचे अवशेष व त्यासोबत ठेवलेल्या वस्तु. नागपूरजवळ जुनापाणी येथें अशीं सुमारें तीनशें वर्तुळें आहेत. मध्यप्रांत-वऱ्हाडचे कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनीं त्यांतील कांहीं खणून १८७९ सालीं वृत्तांत प्रसिद्ध केला. कापसाच्या गांठी मोजण्यासाठीं नेमलेला अधिकारी थडगीं खणतो, हा त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा छंद आपल्याला लाभदायक झाला, हें कबूल केलें पाहिजे. वर्धा जिल्ह्यांत आर्वी तालुक्यांतील खैरवाडा येथेंही मोठा वर्तुळसमूह असून त्याचेंही उत्खनन झालें आहे. वर्तुळांत लोखंडाचीं हत्यारें, काळीं-तांबडीं भांडीं, तांब्याचे अलंकार मिळतात. माहुरझरी व खापा येथें तर घोड्यांचीं हाडें, त्यांच्या तोंडावरील तांब्याचे दागिने आणि लोखंडी कडियाळीं निघालीं. मेलेल्या धन्याबरोबर घोडा पाठविणारे हे लोक होते तरी कोण, यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे.

परंतु ते राहत कोठें, यावर त्या मानानें फारच थोडें! वर्तुळें हजारोंनीं, आणि त्या लोकांच्या ज्ञात वस्त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कित्येक विद्वानांनीं यावरून हे लोक भटके होते, गुरें व घोडे घेऊन फिरत असत व मेलेल्यांना तेवढे ठरलेल्या जागीं आणून पुरीत, असा तर्क केला. तर्क अगदींच टाकाऊ नाहीं. गुरें राखणाऱ्यांचें कांहीं फिरणें असणारच. तथापि आम्हांस तो अपुरा वाटतो. नागपूर विद्यापीठाच्या वतीनें डॉ. शां. भा. देव यांनीं १९६८-६९ मध्यें टाकळघाट येथें, म्हणजे हिस्लॉप शेवटचे जेथें गेले त्याच ठिकाणीं, वस्तीचें टेकाड खणलें आणि शेजारच्या खापा येथें वर्तुळें. दोन्हीकडचीं खापरें एकाच घडणीचीं निघालीं. वस्तींतील कोळशाच्या परीक्षेवरून इसवी सनापूर्वीं सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा काळ आला. पुढें पेंच नदीच्या कांठीं नायकुंड येथें लोखंड गाळण्याची भट्टीच हातीं लागली, आणि जळलेल्या धान्यांत तांदूळ, जव, डाळी ओळखतां आल्या. भट्टी घालणारे आणि भात पिकविणारे लोक नुसते भटके कसे म्हणावे?

मग त्यांचीं गांवें कोठें आहेत? उत्तर सोपें आहे, पण गैरसोयीचें आहे. तीं आमच्या गांवांखालीं आहेत. वर्तुळें बरड, खडकाळ माळावर. तेथें नांगर चालत नाहीं, घर बांधीत नाहींत, म्हणून तीं राहिलीं. वस्ती मात्र पाण्याजवळ, पुराच्या रेषेच्या वर, काळीच्या कडेला. आणि ही जागा जी तेव्हां सोयीची होती तीच पुढें सातवाहनांच्या काळीं, वाकाटकांच्या काळीं, भोसल्यांच्या काळीं सोयीची राहिली. एकदां पांढरी उंच झाली म्हणजे पुढच्या पिढीला आयतेंच टेकाड मिळतें. म्हणून गांव हलत नाहीं, वाढतें तें वरच्या वर. नागपूर जिल्ह्यांत कुही तालुक्यांतील अडम येथें पुरातत्त्व खात्यानें १९८८ ते १९९२ मध्यें जें उत्खनन केलें त्यांत अगदीं तळाशीं गारगोटीच्या सूक्ष्म हत्यारांचा थर, त्यावर तांब्या-दगडाच्या युगाचा, त्यावर लोहयुगाचा, आणि माथ्यावर सातवाहनांचें तटबंदीचें शहर, अशी उतरंड मिळाली. शिकारी माणसाचें खोपट आणि राजाचा तट एकाच जागीं!

पवनार हें याच प्रकारचें स्थळ आहे. तेथें नागपूर विद्यापीठानें १९६७ सालीं उत्खनन केलें. देव व डॉ. म. के. ढवळीकर यांचा वृत्तांत १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. पवनारकडे विद्वानांचें लक्ष वेधलें तें मुख्यतः शिल्पांमुळें. विनोबा १९३८ सालीं तेथें राहावयास आले, आणि आश्रमाची जमीन खणतांना भरत-रामाच्या भेटीचें शिल्प व आणखी कित्येक शिल्पें निघालीं. मिराशींनीं त्यांची सांगड दुसऱ्या प्रवरसेनाशीं घातली: "सेतुबंध" काव्याचा कर्ता म्हणून प्रसिद्ध असलेला हा पांचव्या शतकांतील राजा, त्याची आई प्रभावतीगुप्ता रामभक्त, तेव्हां रामायणांतील प्रसंग कोरलेलें मंदिर प्रवरपुरांत असणें स्वाभाविक, व प्रवरपूर तें पवनार. युक्तिवाद देखणा आहे. परंतु रामटेकजवळ मनसर येथें १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या उत्खननांत वाकाटककालीन भव्य वास्तु निघाल्यावर कित्येक पंडितांनीं प्रवरपूर तिकडे नेलें आहे. वादाचा शेवट झालेला नाहीं, व प्रस्तुत लेखकास त्यांत उतरावयाचें नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, पवनारचें महत्त्व या वादाच्या निकालावर अवलंबून नाहीं. उत्खननाच्या तळच्या थरांत काळ्या-तांबड्या भांड्यांचीं तीच खापरें होतीं, जीं वर्तुळांत मिळतात. प्रवरसेन येण्यापूर्वीं हजारएक वर्षें धामेच्या या वळणावर कोणी तरी चूल पेटवीत होतें. प्रवरपूर उद्यां मनसरला गेलें तरी ती चूल पवनारलाच राहील.

कौंडिण्यपूरचीही हीच गोष्ट. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं १९६० च्या दशकाच्या आरंभीं तेथें जें उत्खनन केलें त्याचा अहवाल १९६८ सालीं निघाला. तेथेंही सातवाहनांच्या खालीं लोहयुगाचे थर आहेत. कार्तिकांत जमणाऱ्या यात्रेला, किंवा तेथून पंढरपुरास जाणाऱ्या रुक्मिणीच्या पालखीला, या खापरांची गरज नाहीं. श्रद्धा आपल्या पायांवर उभी आहे. पण इतिहास लिहावयाचा तर रुक्मिणीच्या वाड्याचा शोध घेण्यापेक्षां त्या थरांतील माणसें काय खात होतीं, गुरें किती वर्षांचीं झाल्यावर मारीत होतीं, नदींतून काय काढीत होतीं, हें विचारण्यांत अधिक लाभ आहे.

आणि हें विचारण्याचें साधन आतां आहे. शिंपल्यावर झाडाच्या खोडाप्रमाणें वाढीच्या रेषा असतात. शेवटच्या रेषेवरून तो कोणत्या ऋतूंत पाण्याबाहेर काढला तें सांगतां येतें. म्हणजे मूठभर शिंपले ही एक पंचांगाची पाने होत: वस्ती बारमाही होती कीं उन्हाळी, या भटकेपणाच्या वादाचा निर्णय त्यांतून लागूं शकेल. कालनिर्णयासाठीं मात्र शिंपल्यावर विसंबूं नये. लांकडांतील किरणोत्सर्गी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो, या हिशेबानें कोळशाचें वय काढतात. परंतु गोड्या पाण्यांतील प्राणी आपलें कवच पाण्यांत विरघळलेल्या जुन्या चुनखडीपासूनही बनवितो, म्हणून त्याचें वय खऱ्याहून शेंकडों वर्षें अधिक येतें. शिंपला ऋतु सांगतो, शतक कोळशाला विचारावें. आमच्या जुन्या उत्खननांत नाणीं, मुद्रा, मूर्ति यांची नोंद कसोशीनें झाली. चाळणींतून गाळल्याशिवाय न दिसणाऱ्या माशांच्या कांट्यांना व शिंपल्यांच्या कपच्यांना तो मान क्वचितच मिळाला. दोष त्या विद्वानांचा नव्हे. थोड्या पैशांत व एका हंगामांत त्यांना अनेक शतकें उलटावयाचीं होतीं.

आतां पांढरीच्या खऱ्या संकटाकडे येऊं. विदर्भांतील पुष्कळ गांवांत पाटलाची किंवा देशमुखाची गढी असते. भिंती पांच-सहा हात रुंद, आणि साऱ्या पांढऱ्या मातीच्या. ही माती आणली कोठून? शेजारच्या पांढरींतूनच. त्यामुळें गढीच्या भिंतींत पावसानें उघडीं पडलेलीं सातवाहनकाळचीं किंवा त्याहून जुनीं खापरें आढळलीं, तर गढी तितकी जुनी ठरत नाहीं. जुना थर उचलून उभा केला, एवढेंच. पुढें गढ्या पडल्या, आणि त्यांची माती पुन्हां शेतांत, पुन्हां विटांत, पुन्हां भरावांत गेली. पूर्वीं हें काम टोपलीनें व बैलगाडीनें होई. टोपलीला मर्यादा असते. अलीकडे तें यंत्राच्या फावड्यानें होतें. एका दुपारीं जें टेकाड नाहींसें होतें तें घडण्यास अडीच हजार वर्षें लागलेलीं असतात, आणि नेणाऱ्याला त्यांत खताशिवाय कांहीं दिसत नाहीं. १९५८ चा केंद्राचा व १९६० चा राज्याचा, असे दोन कायदे प्राचीन स्थळांच्या रक्षणासाठीं आहेत. पण ते ज्या स्थळांची नोंद झाली त्यांना लागू. नांदत्या गांवाखालची पांढरी कोणत्या यादींत घालणार? तेथें लोकांचीं घरें आहेत. त्यांना उठवून इतिहास खणावा असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं.

तरीही मार्ग नाहीं असें नव्हे. गांवांत विहीर, पाया, गटार यांसाठीं खड्डे नित्य पडतात. प्रत्येक खड्ड्याची उभी बाजू म्हणजे एक उघडलेलें पान असतें. शाळेंतील एकाद्या उत्साही गुरुजीनें त्या बाजूचें चित्र काढून, राख कोठें, विटा कोठें, काळीं-तांबडीं खापरें किती हातांवर, एवढें लिहून ठेविलें तरी दहा वर्षांत तालुक्याचा नकाशा तयार होईल. तो नसल्यामुळेंच आज खैरवाड्याचीं वर्तुळें माहीत आहेत आणि त्या वर्तुळांत निजलेल्यांचें गांव माहीत नाहीं.

शिवाय कांहीं पांढऱ्या आतां निर्मनुष्य झाल्या आहेत. वर्धा नदीवर आर्वी तालुक्यांत धनोडीजवळ निम्न वर्धा प्रकल्पाचें धरण झालें. धामेवर महाकाळी येथें व बोर नदीवर त्याआधींचीं धरणें आहेत. अशा धरणांमुळें जीं गांवें उठून नव्या जागीं गेलीं, त्यांचीं जुनीं गांवठाणें पाण्याखालीं किंवा पाण्याच्या कडेला राहतात. चैत्र-वैशाखांत जलाशय उतरतो, कडेच्या पांढरीवरून लाटांनीं बारीक माती धुऊन नेलेली असते, आणि जड तें जागीं राहतें: खापरें, हाडें, गारगोट्या, शिंपले. मृगाचा पाऊस पडून पाणी पुन्हां चढेपर्यंत जेमतेम दोन महिने मिळतात. या दोन महिन्यांत वर्धा-आर्वीच्या बाजूस कोणी चाळण घेऊन बसला, तर शिंपल्यांच्या प्रश्नाचें उत्तर मिळण्याची पहिली संधि तेथें आहे. आणि प्रत्येक पावसाळ्याबरोबर ती थोडी थोडी धुऊन जात आहे.